शेअर घ्यायचे तर आधी दलाल पारखा

आर्थिक साक्षरता पाठ : ऑनलाइन ब्रोकर कसा निवडावा



आपल्या गटांच्या बैठकीत आजवर कर्ज, हप्ता, शेळीपालन, शिलाई मशीन हेच विषय निघायचे. हल्ली एक नवा प्रश्न कानावर येतो : "मोबाइलवर शेअर घेता येतात म्हणे, त्यातलं कोणतं ॲप चांगलं?" कोणाच्या पोराने कॉलेजात ऐकलेले असते, कोणाच्या भावाने बोईसरच्या कंपनीत. कोणाला व्हॉट्सॲपवर फोटो आलेला असतो, पन्नास हजाराचे दोन लाख झाल्याचा.

हा प्रश्न आपल्या डहाणू-तलासरीत आत्ताच का निघतो, तेही समजून घेऊ. केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी वाढवण बंदराला मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. बंदर हवे की नको, याबद्दल किनाऱ्यावरच्या आपल्या मच्छीमार भगिनींना काय वाटते ते आपण सगळ्या जाणतो. तो या पाठाचा विषय नाही. पण बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, बंदराकडे जाणारा रस्ता अशी कामे आली, की त्यांच्या मागोमाग काही घरांत मोबदल्याचे पैसे येतात. आणि पैसे आले की त्यांच्या मागे माणसे येतात, गोड बोलणारी.

जमीन एकदाच जाते आणि मोबदलाही एकदाच येतो. म्हणून हा पाठ. "शेअर घ्या" किंवा "घेऊ नका" असे यात सांगितलेले नाही. ज्या ताईला घ्यायचेच आहेत, तिने ज्याच्यामार्फत घ्यायचे तो दलाल कसा पारखावा, एवढेच यात आहे.

दलाल म्हणजे कोण?

दलाल आपल्याला नवा नाही. बोर्डी-घोलवडचा चिकू वाडीतून निघतो तो दलालाच्या हातून बाजारात जातो. मासळीतही तेच. तिथे अडत, हमाली, तोलाई कापून पैसे हातात येतात. शेअर बाजारातही तसेच असते. मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालापासून आहे आणि तो ज्या रस्त्यावर आहे त्याचे नावच दलाल स्ट्रीट. दुसरा मोठा बाजार म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई. या बाजारांत तुम्ही-आम्ही थेट जाऊन शेअर घेऊ शकत नाही. नोंदणी असलेल्या दलालामार्फतच घ्यावे लागतात. त्याला ब्रोकर म्हणतात. मोबाइलवरचे ॲप म्हणजे त्या ब्रोकरचे दुकान.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक छोटा तुकडा. कंपनी चालली तर त्याची किंमत वाढते, बसली तर पडते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. शेअरच्या पडलेल्या किमतीला कसलेही संरक्षण नाही.

खाती तीन लागतात, ती नीट ओळखून ठेवा.

एक, तुमचे बँक खाते. पैसे इथून जातात आणि इथेच परत येतात.

दोन, ट्रेडिंग खाते. हे ब्रोकरकडे असते. याच्यावरून खरेदी-विक्रीची ऑर्डर जाते.

तीन, डिमॅट खाते. यात शेअर ठेवलेले असतात. हे खाते ब्रोकर उघडून देतो, पण शेअरची नोंद असते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन संस्थांकडे. त्यांना डिपॉझिटरी म्हणतात.

चिकूच्या भाषेत सांगायचे तर ब्रोकर हा दलाल आणि डिपॉझिटरी हे गोदाम. माल गोदामात तुमच्या नावावर असतो, दलालाच्या नावावर नसतो. म्हणून उद्या ब्रोकरचे दुकान बंद झाले तरी शेअर बुडत नाहीत. मात्र गोदामाची किल्ली तुम्ही कोणाला दिली आहे, हे महत्त्वाचे. ते पुढे येईलच.

ॲप उघडण्याआधी स्वतःला विचारा

१. डोक्यावर महागडे कर्ज आहे का? शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढा फायदा दरवर्षी शेअरमधून मिळेल असे कोणीही प्रामाणिक माणूस सांगणार नाही. म्हणजे सावकाराचे किंवा फायनान्सवाल्याचे कर्ज आधी फेडले, तर तीच सगळ्यात चांगली गुंतवणूक झाली.

२. दवाखाना, पेरणी, पोरीची फी यासाठी हाताशी पैसे आहेत का? पावसाळ्यात मजुरी थांबते, मासेमारी बंद असते. त्या दिवसांचे पैसे शेअरमध्ये असतील, तर भाव पडलेला असताना विकावे लागतात. नुकसान तिथेच होते.

३. हे पैसे पाच वर्षे लागणार नाहीत ना? लागणार असतील तर शेअर बाजार ही त्यांची जागा नाही. पोस्ट, बँकेची ठेव, आरडी हीच त्यांची जागा.

आणि एक गोष्ट ठाम : गटाची बचत, गटाची सीसी, ग्रामसंघाचा निधी यातला एक रुपयाही शेअरमध्ये जाता कामा नये. गटाच्या कमी व्याजाच्या कर्जावर शेअर घेऊन फायदा काढू, हा हिशेब कागदावर छान दिसतो. पण शेअर पडले तरी हप्ता थांबत नाही, आणि तो थकला तर दहाही जणींची पत जाते.

दलाल पारखण्याची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. तशीच ही ब्रोकर निवडण्याची पंचसूत्री.

सूत्र पहिले : नोंदणी

शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी. ती १९८८ मध्ये सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिला कायद्याने अधिकार मिळाले. सेबीकडे नोंदणी नसलेला कोणीही दलाली करू शकत नाही. प्रत्येक ब्रोकरला नोंदणी क्रमांक असतो, तो इंग्रजी आय, एन, झेड या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक ॲपवर आणि कागदावर लिहिलेला असतोच.

पण नुसता क्रमांक दिसला म्हणजे झाले नाही. चोरही दुसऱ्याचा क्रमांक छापतो. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत ब्रोकरांची यादी आहे. तिथे नाव शोधा. अक्षर न् अक्षर जुळते का बघा. नाव जवळपास सारखे, पण एक शब्द जास्त, अशी खोटी ॲप असतात. ॲप उतरवायचे ते ब्रोकरच्या खऱ्या वेबसाइटवरून. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीच नाही.

"मी अमुक कंपनीचा माणूस" म्हणून कोणी घरी आला तर तो त्या ब्रोकरचा अधिकृत प्रतिनिधी आहे का, हेही शेअर बाजाराच्या वेबसाइटवर तपासता येते. हे काम बँक सखीला किंवा गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, दहा मिनिटांचे आहे.

सूत्र दुसरे : खर्च

ब्रोकर साधारण तीन प्रकारचे आहेत.

बँकेचे ब्रोकर : स्टेट बँक, आयसीआयसीआय, एचडीएफसी, कोटक यांच्या कंपन्या. बँक खाते जोडलेले असते, शाखा ओळखीची असते. दलाली सहसा जास्त.

जुन्या पद्धतीचे ब्रोकर : मोतीलाल ओसवालसारखे. माणूस भेटतो, सल्ला देतो. त्याचे पैसे दलालीतून वसूल होतात.

कमी दलालीचे ब्रोकर : झिरोधा, ग्रो, अपस्टॉक्स, एंजल वन असे. सगळे काम मोबाइलवर, शाखा बहुधा नाही, सल्ला नाही.

ही नावे ओळखीसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नाही. सगळ्यांचे दर बदलत असतात, म्हणून दरपत्रक ज्या दिवशी खाते उघडाल त्या दिवशीचे बघा.

आता हिशेब करू. समजा, एक ताई दर महिन्याला २,००० रुपयांचे शेअर घेते. वर्षाचे झाले २४,००० रुपये. तिच्यासमोर तीन दरपत्रके आहेत. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

ब्रोकर क : दलाली शून्य, पण डिमॅटचा वर्षाचा आकार ३०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५४ रुपये. एकूण ३५४ रुपये.

ब्रोकर ख : दर ऑर्डरला २० रुपये, वर्षाचा आकार नाही. बारा ऑर्डरचे २४० रुपये, जीएसटी ४३ रुपये २० पैसे. एकूण २८३ रुपये २० पैसे.

ब्रोकर ग : दलाली अर्धा टक्का, पण कमीत कमी २५ रुपये. २,००० चा अर्धा टक्का १० रुपये होतो, तरी घेणार २५. बारा वेळचे ३०० आणि जीएसटी ५४. वर्षाचा आकार ५०० आणि जीएसटी ९०. एकूण ९४४ रुपये.

बघा, "शून्य दलाली" वाला इथे सगळ्यात स्वस्त निघाला नाही. आणि "फक्त अर्धा टक्का" म्हणणाऱ्याने शंभरातले जवळजवळ चार रुपये घेतले. म्हणून मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, "कमीत कमी" हा शब्द शोधा. आपली खरेदी लहान असते, आपल्याला तोच शब्द लागतो.

लहान खरेदीचा आणखी एक धडा. २० रुपये दलाली आणि जीएसटी मिळून २३ रुपये ६० पैसे होतात. ५०० रुपयांच्या खरेदीवर ते झाले शेकडा पावणेपाच. ५,००० च्या खरेदीवर तेच शेकडा अर्धा रुपयाही नाही. म्हणजे दर आठवड्याला थोडे थोडे घेण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचे साठवून एकदा घेतले तर खर्च वाचतो.

विकताना वेगळा आकार असतो, त्याला डीपी चार्ज म्हणतात. एका दिवशी एका कंपनीचे शेअर विकले की एकदा लागतो, मग एक विका की शंभर. समजा तो जीएसटीसह १७ रुपये ७० पैसे आहे. २०० रुपयांचा एकच शेअर विकला तर शेकडा जवळपास नऊ रुपये त्यातच गेले.

सरकारी कर सगळीकडे सारखे. डिलिव्हरीच्या म्हणजे खात्यात ठेवायच्या शेअरवर घेताना आणि विकताना दोन्ही वेळा ०.१ टक्का एसटीटी, आणि घेताना ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क. यात कोणी "सूट देतो" म्हणाला तर तो खोटे बोलतो आहे.

एक सोय मात्र मागून घ्या. लहान गुंतवणूकदारांसाठी 'बेसिक सर्व्हिसेस डिमॅट' नावाचे खाते आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची मर्यादा वाढली आहे. खात्यातल्या शेअरची किंमत चार लाखांपर्यंत असेल तर वर्षाचा आकार शून्य, चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. अट अशी, की तुमच्या नावावर असे एकच डिमॅट खाते असावे. वरच्या हिशेबात ब्रोकर क कडे हे खाते मिळाले, तर ३५४ रुपयांचा खर्च शून्यावर येतो. म्हणून चार ॲपवर चार खाती उघडू नका. "खाते उघडा, बक्षीस मिळवा" याला भुलून उघडलेले दुसरे खाते ही सवलत घालवते.

सूत्र तिसरे : सही

हैदराबादची कार्वी ही मोठी, जुनी, नोंदणी असलेली ब्रोकर कंपनी होती. देशभर शाखा होत्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने तिला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. कंपनीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकले होते. हे जमले कसे? खाते उघडताना ग्राहकांनी मुखत्यारपत्रावर सह्या दिल्या होत्या, त्याचा गैरवापर झाला. गोदामाची किल्ली दलालाच्या खिशात होती. पुढे डिसेंबरमध्ये ऐंशी हजारांहून जास्त ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत आले, कारण डिपॉझिटरीकडे नोंदी होत्या. पण मधले दिवस लोकांनी कसे काढले असतील, विचार करा.

त्यानंतर नियम कडक झाले. २०२२ पासून त्या मोकळ्या मुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय नावाचा मर्यादित अधिकाराचा कागद आला. तोही सक्तीचा नाही. तो दिला नाही तर शेअर विकताना दर वेळी पिन आणि ओटीपी टाकावा लागतो. थोडा त्रास आहे, पण किल्ली आपल्याकडे राहते. नव्या ताईने तेच करावे असा आमचा सल्ला.

म्हणून ब्रोकरला विचारा : डीडीपीआय न देता खाते चालेल का? "नाही" म्हणाला तर पुढच्या दुकानी जा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्लिपवर सही किंवा अंगठा कोणालाच द्यायचा नाही, मग तो भाऊ असो की भाचा. आणि नॉमिनीचे नाव पहिल्या दिवशीच लावा.

सूत्र चौथे : आपल्याला झेपेल का?

ॲप मराठीत आहे का? नसेल तर तुम्हाला वाचता येईल का? तुमच्या साध्या फोनवर, पाड्यावरच्या रेंजमध्ये ते उघडते का? खाते उघडण्याआधी ग्राहक सेवेला फोन लावून बघा. किती वेळाने उचलतात, हिंदी-मराठीत बोलतात का, "वर्षाचा एकूण खर्च किती" या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देतात का, यावरून दुकानदार कळतो. रेंज नसेल तेव्हा फोनवरून ऑर्डर देण्याची सोय काही ब्रोकर देतात, पण तिचे वेगळे पैसे लागतात, तेही विचारा.

खाते उघडायला पॅन, आधार आणि बँक खाते लागते. इथे आपल्या पुष्कळ भगिनी अडकतात. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. आधी नावे जुळवून घ्या. आधारला जो मोबाइल नंबर जोडला आहे तो चालू पाहिजे, कारण सही ओटीपीने होते.

सूत्र पाचवे : तक्रार

चांगल्या ब्रोकरविरुद्धही तक्रारी असतात. त्या किती आल्या आणि किती सुटल्या, हे त्याला आपल्या वेबसाइटवर जाहीर करावे लागते. ते बघा. तक्रार आधी ब्रोकरकडे लेखी करायची. दाद मिळाली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या ऑनलाइन तक्रार खिडकीवर. तिथे तक्रार गेली की २१ दिवसांत उत्तर देणे ब्रोकरला बंधनकारक आहे. सेबीचा मोफत फोन नंबर १८०० २२ ७५७५, त्यावर मराठीतही बोलता येते. आणि पैसे फसवून कोणी काढले असतील तर क्षणही न घालवता १९३० या सायबर पोलिसांच्या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

खाते तुमचे, तर मोबाइलही तुमचा

हा मुद्दा पंचसूत्रीत बसत नाही, पण तिच्याहून मोठा आहे. पुष्कळदा असे होते : खाते बाईच्या नावावर, पॅन बाईचे, आणि मोबाइल नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा. मग काय घेतले, काय विकले, किती बुडाले, तिला ठाऊकच नसते. कायद्याने मात्र व्यवहार तिचा. कर आला तर नोटीस तिच्या नावाने.

दर व्यवहाराचा मेसेज शेअर बाजाराकडून आणि डिपॉझिटरीकडून येतो. तो तुमच्याच मोबाइलवर आला पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, पण मेसेज तुमच्या हातात असू द्या. पासवर्ड, पिन, ओटीपी घरातल्यालाही सांगायचा नाही. हा अविश्वास नव्हे. गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे आपण ठेवतोच ना? तशीच ही शिस्त आहे.

पैसे भरतानाही शिस्त हवी. पैसे फक्त तुमच्या बँक खात्यातून फक्त ब्रोकरच्या खात्यात. ब्रोकरला रोख पैसे घेताच येत नाहीत. कोणाच्या खासगी नंबरवर पैसे टाकायला सांगितले, की तिथेच थांबा. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने ब्रोकरांसाठी खास यूपीआय पत्ते सुरू केले आहेत. त्यात 'व्हॅलिड' हा शब्द येतो आणि पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. ती दिसली नाही तर पैसे टाकू नका. आणि वापरात नसलेले पैसे ब्रोकरने ठराविक मुदतीने, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, तुमच्या बँक खात्यात परत करायचे असतात. ते येतात की नाही, पासबुकात बघत जा.

ॲपमधली तीन बटणे सोडून द्या

ॲपचा रंग छान असतो, पण त्यातली काही दारे विहिरीत उघडतात.

पहिले, फ्युचर्स-ऑप्शन्स. सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला. त्यात या व्यवहारात उतरलेल्या दर शंभर साध्या लोकांपैकी ९३ जणांचे नुकसान झालेले निघाले. तिघांचे, चौघांचे नव्हे, त्र्याण्णव जणांचे. खाते उघडताना हा विभाग सुरू करू का विचारतील. "नको" म्हणायचे.

दुसरे, इंट्राडे, म्हणजे सकाळी घेऊन दुपारी विकणे. यात दहातल्या सात जणांनी पैसे घालवले, असा सेबीचाच २०२२-२३ सालचा आकडा आहे.

तिसरे, एमटीएफ. म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर शेअर घेणे. भाव पडला तर शेअरही जातात, व्याजही भरावे लागते. हे सावकारीच आहे, फक्त मोबाइलवरची.

वाढवणच्या नावाने कोणी आले तर

"वाढवण बंदराचे शेअर निघालेत, स्थानिकांना आधी मिळणार, आत्ताच पैसे भरा", असे कोणी म्हणाले तर काय कराल? बंदरासाठी जी कंपनी आहे, वाढवण पोर्ट प्रोजेक्ट लिमिटेड, तिच्यात ७४ टक्के हिस्सा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा आहे. दोन्ही सरकारी. तिचे शेअर बाजारात विकायला नाहीत. कोणी विकत असेल तर तो चोर समजा आणि पोलिसांना कळवा.

दुसरा माणूस म्हणेल, "अमक्या कंपनीला बंदराचे काम मिळणार, तिचा शेअर चढणार." अशी बातमी वाढवणच्या नाक्यावर येईपर्यंत मुंबईच्या बाजारात ती शिळी झालेली असते आणि भाव आधीच वाढलेला असतो.

तिसरा म्हणेल, "दर आठवड्याला इतके टक्के, नक्की." २०२४ मध्ये दादरला मोठे दुकान थाटून टोरेस नावाच्या दागिन्यांच्या कंपनीने दर आठवड्याला परताव्याचे आमिष दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये दुकाने बंद पडली आणि लोक दारासमोर उभे राहिले. शेअर बाजारात "नक्की" हा शब्द नाही. जो तो वापरतो, तो दलाल नव्हे.

अमळनेरची गोष्ट

मग शेअरमध्ये कोणाचेच भले झाले नाही का? झाले. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. गावातल्या लोकांनी त्याचे शेअर घेतले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली, तुपा-साबणावरून संगणकाच्या कामात गेली. ज्या घरांनी ते कागद पेटीत जपून ठेवले, विकले नाहीत, त्या साध्या घरांतही मोठी संपत्ती आली.

पण गोष्ट पूर्ण ऐकायची. त्याच काळात शेअर विकलेल्या कितीतरी कंपन्या बुडाल्या आणि त्यांचे कागद रद्दीत गेले. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. अमळनेरच्या ज्या घरांचे भले झाले, त्यांनी विकायची घाई केली नाही. यात नशिबाचाही वाटा होताच. म्हणून सगळे पैसे एका कंपनीत घालू नयेत. ज्यांना कंपन्या निवडणे जमणार नाही, त्यांच्यासाठी म्युच्युअल फंड आहे, त्यात पैसे पुष्कळ कंपन्यांत वाटले जातात. धोका तिथेही असतो, पण एकाच फांदीवर सगळा भार नसतो. त्याला डिमॅट खाते लागतेच असे नाही. त्याचा पाठ वेगळा घेऊ.

पुढच्या बैठकीत करायचे काम

१. पाच-पाच जणींचे गट करा. प्रत्येक गटाने एका ब्रोकरचे दरपत्रक मोबाइलवर उघडावे आणि पाच गोष्टी वहीत लिहाव्यात : नोंदणी क्रमांक, कमीत कमी दलाली, डिमॅटचा वर्षाचा आकार, विकतानाचा डीपी चार्ज, तक्रारीचा नंबर.

२. महिना १,००० रुपयांच्या खरेदीवर वर्षाचा एकूण खर्च काढा. वर केला तसाच. कोणत्या गटाचा सगळ्यात कमी आला ते फळ्यावर लिहा.

३. प्रत्येकीने आपले पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावे जुळतात का बघा. शेअर घ्यायचे नसले तरी हे काम उपयोगी पडते.

४. चर्चा करा : मोबदल्याचे पैसे आलेल्या घरी पहिले सहा महिने ते कुठे ठेवावेत? आमचे मत असे की बँकेच्या ठेवीत. पैसा सहा महिने शांत बसला म्हणजे काही बिघडत नाही. घाई करायला लावणाराच आपले बिघडवतो.

दहा रुपयांची भाजी घेताना आपण चार जुड्या उलटून बघतो. दलालही तसाच उलटून-पालटून बघा. तुम्ही प्रश्न विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे खाते उघडू नका. जो शांतपणे उत्तर देतो, त्याचे उत्तरही कागदाशी ताडून बघा.